इंजिनावरची राखण

डेल स्ट्रोबेलने लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचली आणि पिकअपचं दार ओढून घेतलं. गॅरेजच्या पत्र्यावर वारा बर्फ फेकत होता. शेजारच्या सीटवर व्हर्लिन हाउगेन हातमोजे काढत होता, पुन्हा घालत होता.

"तू जाऊन कॉफी पी," डेल म्हणाला. "तुझी चुळबूळ बघून माझ्या हातून चूक व्हायची."

"किती वेळ लागेल?"

"आत्ताच विचारलंस ना."

डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत होता. गुरुवारी यानेच घात केला होता. धुराच्या नळीतली जाळी काजळीने तुंबली, इंजिनावर राखण ठेवणाऱ्या कॉम्प्युटरने ते हेरलं आणि गाडी माणसाच्या चालीवर आणली. व्हर्लिनची बायको लॉर्ना तेव्हा शेजारी बसली होती. दिवसाआड तिला शहरातल्या इस्पितळात नेऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. त्या दिवशी दोघं अर्ध्या वाटेवरून सरपटत घरी आले. दुसऱ्या दिवशी तिच्या सुजलेल्या पायांत बूट जाईनात; शेजारच्या मर्लने तिला शहरात पोचवलं.

"जाळी तुंबेल नाही तर काय?" डेल म्हणाला. "गाडी पळाली की ती आपोआप जळून साफ होते. तुम्ही लोक हिवाळाभर गाड्या उभ्या उभ्या चालू ठेवता. कॅफेसमोर बघ, आत माणूस नाही आणि गाडी घुरघुरतेय."

"बंद केली तर थेट उन्हाळ्यातच सुरू होईल. आणि गाई व्यायला लागल्या की लॉर्ना गाडीत बसूनच बघते. तिला ऊब लागते."

"नवी जाळी बसव."

"ती येईपर्यंत?"

डेल पुन्हा लॅपटॉपकडे वळला. तुंबलेली जाळी त्याने सकाळीच काढून ठेवली होती. आता कॉम्प्युटरने ती शोधू नये, एवढंच उरलं होतं.

"कायद्याने हे चालत नाही, व्हर्लिन. कुणी चौकशी केली तर माझं गॅरेज जाईल."

"चौकशी कोण करणार? माझ्या गाई?"

डेल हसला नाही. त्याने एक बटण दाबलं. बऱ्याच वेळाने दिवा विझला.

"आता जाळीपायी ही तुला अडवणार नाही," तो म्हणाला. "पण काही बिघडलं तर सांगणारही नाही. कान उघडे ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिनने रेडिओ लावलाच नाही. गाडी छान पळत होती, तरी तो प्रत्येक आवाजाला दचकत होता. चढ आला की डॅशबोर्डकडे बघे. तिथे काहीच नसे. लॉर्ना मांडीवर घोंगडी घेऊन बसली होती.

"कशी पळतेय बघ," तो म्हणाला.

"हो."

"मग गप्प का?"

ती बाहेर बघत राहिली. कुंपणाचे खांब भराभर मागे जात होते.

"गुरुवारी तू गाडीला शिव्या घालत होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटत होतं."

"बरं?"

"घरी चाललो होतो म्हणून."

"एक दिवस चुकला म्हणून बरं वाटलं असेल. कंटाळा येतो माणसाला."

"एका दिवसाचं नव्हतं ते." तिने घोंगडीची कड सारखी केली. "म्हटलं, गाडीच अडली तर इस्पितळ नको, असं मला बोलावं लागणार नाही. आता ही काही अडत नाही."

व्हर्लिनने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच राहिलं. तो स्टिअरिंग धरून बसला आणि त्या एकसुरी आवाजात काही बिघाड ऐकू येतो का, ते ऐकत राहिला.

हिवाळ्यात कडेला थांबलेल्या गाडीला ओलांडून इथे कुणी पुढे जात नाही. थोड्या वेळाने समोरून मर्ल ओव्हरबीची गाडी आली आणि शेजारी थांबली. मर्लने काच खाली केली.

"पुन्हा रुसली का तुझी म्हातारी? गाडीबद्दल विचारतोय हं, लॉर्ना."

लॉर्ना हसली.

"साखळी आहे माझ्याकडे," मर्ल म्हणाला. "ओढून नेतो. शहरात सोडू की घरी?"

व्हर्लिनने लॉर्नाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"गाडीला काही झालेलं नाही, मर्ल," तो म्हणाला.

मर्लने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग काच वर केली, गाडी पुढे नेऊन कडेला लावली आणि दिवे लुकलुकत ठेवून थांबून राहिला.