एकीलाच टोचलेली सुई

मी एक जुनी चामखीळ आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो; तशी मला त्याची सवय आहे म्हणा. तांता शहरात, नबीहाच्या उजव्या अंगठ्यावर मी तीन वर्षं राहिले. नखाजवळच्या बारीकशा चिरेतून आत शिरले, कातडीच्या घडीत निजले, कुणाला न कळता वाढले. पहारा तिच्या रक्तात अखंड होता. पण पहारेकरी माझ्या दारावरून जायचे आणि मला ओळखायचे नाहीत. त्यांना मी घरचीच वाटे. हळूहळू मला दहा लेकरं झाली: सहा शेजारी, चार पार डाव्या हातावर.

"गच्चीवर तारे मोजलेस ना? तारे मोजले की चामखिळी येतात! भोग आता!" नबीहाची बहिय्याआत्या म्हणायची.

जळजळीत थेंबांनी मला जाळलं, एकदा गोठवलंही. मी परत आले.

ईदच्या आधी त्या घरात काहक, म्हणजे ईदची बिस्किटं, करतात. बायका परातीभोवती बसून तुपातलं पीठ मळतात, चिमट्यानं एकेका गोळ्यावर नक्षी काढतात. नबीहा बारा वर्षांची झाली, परातीपाशी बसली, आणि आत्यानं तिला उठवलं. "तुझ्या हातचं कोण खाईल गं?" सगळ्या हसल्या. नबीहाही हसली. मग तिनं हात बाह्यांत ओढून घेतले, ते वर्षभर. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या ईदला तीन महिने होते तेव्हा डॉक्टर इनायात यांनी लहानपणी टोचतात ती गोवराची लस सुईत भरली आणि माझ्या पोटात सोडली. फक्त माझ्या.

"अकरा आहेत, डॉक्टरीणबाई!" आत्या कडाडली. "सुई एकीलाच? बाकीच्या काय पाहुण्या आल्यात?"

"एकीलाच पुरे, हाज्जा," डॉक्टर आत्याला मानानं म्हणाल्या. " गोवराशी हिच्या शरीराची जुनी ओळख आहे. ते धावत येईल, आणि आल्यावर त्याला ही चामखीळसुद्धा दिसेल."

"आणि डाव्या हातावरच्यांना काय चिठ्ठी धाडणार?"

"तिचं रक्तच निरोप नेईल. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण थांबा."

थांबणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस आणून तिनं माझ्या धाकटीला करकचून बांधला. रक्त आलं, पू झाला, धाकटी मात्र तिथंच. आत्या दुसरा केस घेऊन आली, तेव्हा नबीहानं हात मागे घेतला. "नको आत्या. मी थांबते."

दर तीन आठवड्यांनी मला पुन्हा तीच सुई टोचत; तिसऱ्या सुईनंतर मी तापले, सुजले. आणि एक पहारेकरी दाराशी थबकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तीन वर्षांत मला असं कुणी पाहिलं नव्हतं! त्याच्या हाकेसरशी दुसरा आला, मग शंभर, मग हजार. निरोप कोपरातून खांद्याला, खांद्यावरून काळजाला, काळजातून डाव्या हाताला गेला. जिथं सुई कधी शिवली नाही, तिथली माझी लेकरं एकेक करून सुकली, व्रण न ठेवता गेली. त्या किडकिडीत पोरीच्या अंगात एवढं सैन्य होतं, आणि त्याला हवी होती एक हाक! मी मरत होते, तरी थक्क होते.

ईदच्या आठवड्यात परात मांडली. उजव्या अंगठ्यावर मी अजून होते, खपलीएवढी.

"ही बघ, आहेच," आत्या म्हणाली.

"मग डाव्या हातानं मळते."

"डाव्या हातानं काहक? वल्ला, काय दिवस आले!" आत्यानं तो हात ओढला, उलटा केला, सुलटा केला, बोटं चाचपली. बराच वेळ सोडला नाही. मग त्याच तळव्यावर तूप ओतलं. "मळ. पण जोर लाव हो!"

मी आता उद्या-परवा गळेन. मित्रांनो, माझ्यासारखी कुणाच्या हातावर दिसली तर तिला ओरबाडू नका, कापू नका, डॉक्टरांना दाखवा. औषधाला वेळ लागतो. तोवर त्या लेकराला एकटं बसवू नका. त्याचे पहारेकरी जागे होईपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ बसा.