सात खिशांची पट्टी

शिंप्याच्या भिंतीवर सात खिशांची कापडी पट्टी टांगलेली असे. एकेका वाराचा एकेक खिसा, आणि खिशात त्या दिवसाच्या गोळ्या. हृदयाचा पंप मंदावला तेव्हा ती त्यानेच शिवली. बायको असती तर गोळी तळहातावर आली असती. आता खिसा हाच तळहात.

लेक सातासमुद्रापार. हृदयाला बळ यावं म्हणून ती पूरक कॅप्सूलची बाटली धाडायची. दिवसाला दोन. बाटली संपत आली की तिचा फोन यायचा, महिन्यातून तेवढा एकच. शिंपी रोज सकाळी बाटली कानाशी हलवून बघे, अजून किती दिवस.

कॅप्सूल बोटाच्या पेराएवढ्या, खिसे मापात शिवलेले. सगळं मावेना, तेव्हा त्याने डॉक्टरीणबाईंची पांढरी गोळी काढून ठेवली. एवढीशी टिकली, तिच्यात काय जीव असणार?

आज तपासणीचा कागद बघून बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"काका, पंप चाळीस टक्क्यांवरून तीसवर आलाय. पांढरी गोळी घेता ना?"

"खिशात मावेना. लहान होती, म्हटलं..."

"सुई केवढी असते हे मी शिंप्याला सांगू? पंप त्या गोळीच्या जोरावर चालला होता. या कॅप्सूलनी तो वाढेल याचा मला भरवसा नाही. त्या बंद."

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, बाटली संपत आली ना? दुसरी पाठवते."

'पाठव' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. त्याने पट्टीकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं, आकड्यासकट.

"म्हणजे माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे कसं गं? खिसे मी शिवले."

"बरं. मग आता नाही पाठवत."

आता तिला फोन करायला कारण उरलं नव्हतं.

"तुझं माप दे," तो घाईने म्हणाला. "कुर्ता शिवतो. माझ्याकडचं माप शाळेतलं आहे."

"मला कुठे घेता येतं माप?"

"टेप आण. मी सांगतो तसं धर."

ती उठली. खण उघडल्याचा आवाज, पावलं, कुठलंसं दार. कधी न पाहिलेलं लेकीचं घर तो कानाने बघत राहिला.

खांदा झाला, छाती झाली, बाही झाली. त्याने सावकाश लिहून घेतलं.

"उंची राहिली, बाबा."

"राहू दे," तो म्हणाला. "ती पुढच्या महिन्यात सांग."

पलीकडून टेप गुंडाळल्याचा आवाज तेवढा आला.