माझ्या बाटलीवर गाव नव्हतं

“ह्या बाटलीवर गाव का न्हाई लिहिलं?” नागसेननं घरात एकेकाला विचारलं. सांगणार कोण? गावं लिहिणारी त्याची ताई, लुंबिनी, आठ दिवसांपूर्वी तापानं गेली होती. उत्तर मला ठाऊक होतं. पण मी त्याच बाटलीतला उड्या मारणारा कोळी.

आम्ही शिकारीसाठी जाळं विणत नाही. माशी दिसली की झेप घेतो. झेपेआधी पायाखाली धागा चिकटवतो, म्हणजे चुकलो तरी माघारी येता येतं. आमचं कुळ एक, पण प्रत्येक जातीची जागा निराळी. कुणी पानांवर राहतो, कुणी दगडांत, कुणी माणसांच्या भिंतींवर. लुंबिनी कॉलेजात हेच शिकत होती. आम्हाला बाटलीत धरायची, फोटो काढायची आणि जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायची. म्हणून बाटलीवर गाव.

मला तिनं कुठून आणलंच नव्हतं. उमरीतल्या त्यांच्याच घराच्या खिडकीत मी जन्मलो. तिथंच तिची पुस्तकं असायची. एका सकाळी मला पकडून ती हसली, “तुझं गाव काय लिहू? आपण तर शेजारी!” त्याच दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला.

नागुबाई मावशी म्हणाल्या, “पोरगी गेली, आता हे किडे कशाला ठिवलाव? फेक तिकडं!”

“हात लावू नकू, मावशी!” नागसेन ओरडला. तीन बाटल्या पिशवीत घातल्या आणि अनवाणीच निघाला.

सातवीत शाळा सुटलेली. ताईची घाईतली अक्षरं तो बोटानं लावत होता. कंधारवाल्याला त्यानं किल्ल्याच्या दगडावर सोडलं. किनवटच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, “काय हाय रं बाटलीत?”

“कोळी. घरी सोडायलोय.”

“मंग ह्यांचं हाफ काढू का?”

सगळे हसले. नागसेन हसला नाही.

किनवटवाल्याला साग मिळाला. मग त्यानं मला डोळ्यांजवळ धरलं. “ताईला हे रान लई आवडायचं. तूबी इथलाच असशील.”

मी आठही पाय काचेवर आपटले. खिडकी! खिडकी!

“बघ, घर दिसलं की कसा नाचायला लागला!” आठ दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

त्यानं टोपण उघडलं. मी त्याच्या अंगठ्याला धागा चिकटवला, परत येता यावं म्हणून, आणि सागाच्या पानावर उतरलो. त्यानं त्याच हातानं डोळे पुसले. धागा तुटला.

इथली पानं मोठी आहेत, पक्षी फार. मी पानाच्या घडीत लपून असतो. किती दिवस निभावेल, माहीत नाही. तुम्ही कधी उमरीला गेलात, तर नागसेनला हे सांगू नका.

जाताना तो चार पावलं चालून परत फिरला होता. “ताई म्हणायची, पाणी द्यायचं इसरू नकू.” माझ्या बाटलीचं टोपण त्यानं मुळाशी उलटं ठेवलं, आपल्याजवळचं पाणी त्यात ओतलं, आणि मला दिसावं म्हणून वरचं पान हळूच बाजूला केलं.