दुसरीच्या नाकाचा दाखला

मी एक दाखला बोलतोय. माणसाचा नव्हे, वासराचा. आमच्या ताजिमाच्या डोंगरात वासराचं नाव, त्याच्या आईबापाचं, आजोबाचं नाव माझ्यासारख्या जाड कागदावर लिहितात आणि खाली त्याच्या नाकाचा ठसा घेतात. माणसाचा जसा अंगठा, तसं गुराचं नाक. एकासारखं दुसरं नसतं आणि मरेपर्यंत ते बदलत नाही. इथली गुरं सगळी काळी कुळकुळीत, नाकावाचून त्यांना ओळखायचं कसं?

माझ्यावर लिहिलंय : सुझुनो, कालवड, आई किकुनो. ठसाही आहे, अगदी स्वच्छ उमटलेला. फक्त तो सुझुनोचा नाही.

किकुनो ही मासुएआजीची गाय. आईकडून लेकीकडे चालत आलेल्या गायीच्या वंशाला इथे वेलच म्हणतात. किकुनोची वेल आजीच्या सासूच्या वेळेपासूनची, आठ पिढ्यांची. ती व्याली आणि नवव्या दिवशी तापानं गेली. मागे राहिली एकटी सुझुनो. आठ पिढ्या त्या चार काटकुळ्या पायांवर उभ्या होत्या म्हणा ना.

वासरं चार महिन्यांची झाली की गुरं पाळणाऱ्यांच्या संघाचे किताओसान ठसे घ्यायला येत. सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. त्या साली त्यांचा गुडघा धरला होता आणि शेजारी सादाओचं घर वरच्या चढावर. म्हणून सादाओनं आपली मियो नावाची कालवड खाली आजीच्या अंगणातच आणली.

“गुडघा तुमचा दुखतो आणि पायपीट माझ्या वासराची,” सादाओ कुरकुरला.

“त्या निमित्तानं तिला गाव तरी दिसलं. तुझ्या घरी काय बघायचं, तुझं तोंड?” किताओसान म्हणाले.

एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं ओलं नाक फडक्यानं पुसायचं, शाई लावायची आणि कागद खालून वर अलगद दाबत न्यायचा. नियम असा की आधी कागदावर नाव घालावं. पण वासराच्या लाळेनं लिहिलेलं फिसकटतं, म्हणून किताओसानांची आपली पद्धत : आधी नाक, मग नाव. सव्वीस वर्षांत त्यात कधी घोळ झाला नव्हता, कारण ते एका वेळी एकच वासरू धरत.

आम्ही दोन कागद ओसरीवर वाळत पडलो होतो. आजी चहा आणि मुळ्याचं लोणचं घेऊन आली. तबक ठेवायला जागा हवी म्हणून तिनं आम्हाला उचललं आणि पलीकडे ठेवलं. उजवीकडचा डावीकडे गेला. चहा पिऊन, चष्मा लावून किताओसानांनी नावं घातली. माझ्या अंगावर मियोचं नाक होतं, त्यावर सुझुनोचं नाव आलं. दुसऱ्या कागदाचं उलट झालं. मला कळत होतं हो! पण सांगणार कोणत्या तोंडानं?

पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. मियो नऊ महिन्यांची झाल्यावर बाजारात गेली, मांसासाठी पोसायला. अशा जनावराबरोबर त्याचा दाखला पोसणाऱ्याच्या गोठ्यापर्यंत जातो, पुढे मांसाचा व्यापारी नाक न ताडता नुसतं बापाचं नाव वाचून मान डोलावतो आणि जनावर संपलं की कागदही संपतो. सुझुनो मात्र आई व्हायची होती. तिची मापं घेणार, गुण देणार, मोठ्या नोंदवहीत नाव चढवणार. तिथे नाव चढलं तरच तिच्या लेकींना वेलीचा दाखला.

सतराव्या महिन्यात शाळेच्या पटांगणात ती तपासणी झाली. होरिउची नावाचे नवे तपासनीस आले होते. त्यांनी काठीनं उंची मोजली, छाती मोजली, पाठीवरून हात फिरवला. गुण चांगले पडले. आजीचा चेहरा खुलला होता. मग त्यांनी भिंग काढलं, सुझुनोच्या नाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं.

“आजी, हे नाक हिचं नाही.”

“मग कुणाचं? माझं?”

चारजण हसले. होरिउची हसले नाहीत. “नाक जुळत नाही तोवर ही कुणाचीच लेक नाही, आजी. हिच्या वासरांना दाखला मिळणार नाही.”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “किकुनोचं वासरू मेलं असणार. म्हातारीनं दुसरंच उभं केलं.” आजीनं ते ऐकलं. तिनं सुझुनोचं दावं हाताला दोन वेढे देऊन घट्ट धरलं आणि खाली बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किताओसान शेजारीच उभे होते. पुढच्या महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. ‘सव्वीस वर्षांत एकही चूक नाही’ असं मानपत्र संघानं लिहूनही ठेवलं होतं. ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

“चूक माझी आहे,” ते मोठ्यानं म्हणाले. “आधी नाक घेतलं, नाव मागून घातलं. सादाओच्या मियोचा ठसा आहे हा.”

“मी तुमचा शब्द मानीन,” होरिउची म्हणाले, “पण वही नाही मानणार. दुसरा कागद आणा. शनिवारी नोंदणी बंद होते.”

घरी जाताना आजीनं दावं किताओसानांच्या हातात दिलं. मग म्हणाली, “तबकासाठी कागद मीच सरकवले होते.”

“नावं मी घातली.”

“मग दोघं जाऊ.”

दुसऱ्या दिवशी दोघं आगगाडीनं निघाले. मी किताओसानांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतो. मियोला पोसणाऱ्या घरची बाई, इनाए, चिखलाच्या बुटांतच बाहेर आली.

“कागद? डब्यात असतील. गेलेल्या गुरांचे मी न्हाणीच्या चुलीत घालते.”

“आणि मियो?” आजीनं विचारलं.

“आहे की! खाऊन खाऊन नुसती सुस्तावलीय.”

डबा उलटा केला. तळाशी, तेलाचा डाग पडलेला, माझा जोडीदार निघाला. त्याच्यावरचं नाक आजीनं भिंगाशिवाय ओळखलं. “हीच माझी पोर,” म्हणाली आणि तिथेच ओट्यावर बसून रडली.

किताओसानांना खात्री करायची होती. मला घेऊन ते गोठ्यात गेले. मियो केवढी झाली होती! भिंगातून बघितलं, रेघ न् रेघ जुळली. तिनं मला हुंगलं, आणि तिचं ओलं नाक तिच्याच ठशाला टेकलं. आजी तिचं कपाळ खाजवू लागली.

“लळा लावू नका हं, आजी,” इनाए हळूच म्हणाली. “नोव्हेंबरात जायची आहे ती.”

आजीनं मान डोलावली, पण हात काही काढला नाही.

शनिवारी होरिउचींनी आम्हा दोघांवर लाल रेघ मारली, नवे दाखले केले आणि सुझुनोचं नाव मोठ्या वहीत चढवलं. किताओसानांनी संघाच्या सभेत उभं राहून आपली चूक स्वतः वाचून दाखवली. मानपत्र निघालं नाही. त्या दिवशी ते आजीकडे दोन वाट्या लोणचं जास्त खाऊन गेले.

रद्द कागद नष्ट करायचे असतात. आजीनं मला मागून घेतलं.

“काय करायचाय हा?” होरिउचींनी विचारलं.

“असू दे.”

तेव्हापासून मी तिच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. सुझुनोला आता तीन लेकी झाल्या, वेल मांडवभर पसरली. मियो नोव्हेंबरात गेली. तिचा खरा दाखलाही तिच्यामागे चुलीत गेला असेल. कोणत्याच वहीत तिचं नाव नाही. गोमटं जनावर होतं, कुणाचंतरी जेवण झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी एवढीच विनंती आहे. आजीनंतर कुणी हा खण उघडेल, लाल रेघ बघून मला चुरगाळायला घेईल. माझ्यावरचं नाव खोटं आहे, ते वाचू नका. पण टाकण्याआधी त्या नाकावरून एकदा बोट फिरवा. तेवढीच मियो उरली आहे.