चिंधूची नजर

“मामाजी, आणखी भाकर देऊ?” सुनेनं, तृप्तीनं, दोनदा विचारलं. चिंधूला ऐकू गेलं नाही. तो चुलीजवळ बसलेल्या बायकोकडे पाहत होता. कलाबाईनं तवा डाव्या हातानं उतरवला आणि उजवा हात अंगाशी धरून ठेवला.

“हाताले काय झालं तुह्या?”

तिनं मान हलवली. ओठ हलले. काई नाई.

पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये, सरकी काढणाऱ्या यंत्रांपाशी चिंधूचा जन्म गेला. त्या घरघरीत त्याचे कान हळूहळू गेले. कान होते तेव्हाही कलाबाई ‘काई नाई’ म्हणायची आणि तो कामाला निघून जायचा. तिचा आवाज नेहमी ठणठणीत असायचा. चेहरा निरखायची गरज पडली नव्हती. आता आवाज नव्हता, आणि लुगडं नेसताना तिचं मध्येच थांबणं, कूस बदलताना दात आवळणं, सगळं त्याला दिसत होतं.

“तिले नागपूरले ने,” तो मुलाला म्हणाला.

विनोद आईला विचारून आला. बापासमोर उभं राहून सावकाश बोलला, “आई तं म्हणते, काईच नाई.”

“ते तोंडानं म्हणते. तू तिच्याकडं पाय ना!”

नागपूरला तपासणी झाली. छातीतली गाठ काखेपर्यंत पसरली होती. औषधानं दुखणं कमी होईल, एवढंच डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीत विनोद खिडकीकडे तोंड करून रडत होता. चिंधूनं बायकोचा हात हातात घेतला.

“मले काहून नाई सांगतलं?”

कलाबाई वळली. त्याला ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “पयले तुमाले येळ नव्हता. मंग तुमाले ऐकू येत नव्हतं.”

आपल्या गावी, तिगावला, उतरेपर्यंत त्यानं तो हात सोडला नाही.

संत्र्याला फुलं आली तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. ओठ इतके सुकले होते की त्यांवरचे शब्द त्याला ओळखू येईनात. एका दुपारी ती त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलू लागली. तृप्ती आत भांडी घासत होती. चिंधूनं तिला हाक मारली नाही. त्यानं कलाबाईच्या गळ्यावर अलगद तळहात ठेवला.

“बोल.”

हाताखाली बारीक थरथर सुरू झाली. थांबली, पुन्हा सुरू झाली. ती बरंच बोलली. त्याला एकही शब्द कळला नाही. मग थरथर थांबली आणि ती उत्तराची वाट पाहत राहिली.

“हो,” चिंधू म्हणाला. “हो.”