मोडता न येणारा सौदा

बोली संपायला बावीस मिनिटं उरली होती, कॅमेऱ्याचा भाव चार हजार दोनशेवर अडून बसला होता आणि माझे सासरे बशीत ओतून चहा पीत होते. तोही सावकाश, फुंकर मारत. मला मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटत होता.

सासरे, म्हणजे बापूसो आप्पा, चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाचे अडत्ये होते. कॅमेरा त्यांचा स्वतःचा, जर्मन, पोटाशी धरून वरून आत बघायचा. नव्वद हजारांना सहज जाणारा ऐवज. आमच्या मोनाला पुण्यातल्या फोटोग्राफीच्या कोर्ससाठी नवा कॅमेरा हवा होता. तो आजोबाच घेणार, बापानं मध्ये पडायचं नाही, असा आप्पांचा हुकूम होता. म्हणून जुना विकायचा, आणि विकायचा तो माझ्या खात्यावरून. चार वर्षं मी हुपरीचे चांदीचे दागिने ऑनलाइन विकते. दोन बायका माझ्याकडे कामाला आहेत, तरी घरात त्या धंद्याला अजून ‘दीपाचा मोबाईल’च म्हणतात.

काल सकाळी आम्ही दोघं जाहिरात टाकायला बसलो.

“किंमत ठरवूनच टाकू,” मी म्हणाले. “नव्वद हजार. महिनाभर राहू दे. हौशी माणूस शोधत येतो.”

“महिनाभर? लोणचं हाय व्हय मुरवायला? बोली लाव.”

“मग दहा दिवसांची लावू. रविवारी संध्याकाळी संपेल अशी, लोक मोकळे असतात. आणि सुरुवात साठ हजारांपासून.”

“एक रुपया,” आप्पा म्हणाले. “खालनं सुरू झाली की माणसं जमत्यात. आणि सौदा कुठं दहा दिस चालतो? एक दिस. उद्या साडेदहाला खलास. यार्डात सौद्याची येळ तीच.”

मी दोनदा समजावलं. मग म्हणतील ते भरून टाकलं.

आणि आज ही अवस्था. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला जर्मन कॅमेऱ्यावर बोली लावत कोण बसणार?

“आप्पा, चार हजार दोनशे! तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?”

“वाटायचं काय त्यात? न्हाय पटला भाव, तर मोडायचा की सौदा.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या यार्डात रीतच ती. बोली कितीही होवो, भाव पटला नाही तर शेतकरी मान हलवतो आणि सौदा मोडतो. जन्मभर हेच पाहिलेला माणूस एका रुपयाला कशाला घाबरेल?

“इथं मोडता येत नाही आप्पा. शेवटच्या बोलीला माल द्यावाच लागतो. नाही दिला तर खातं बंद करतात. माझं खातं.”

बशी खाली आली. थोडा चहा लेंग्यावर सांडला, तो त्यांनी पुसलाही नाही.

“आत्ता काढून घेतला तर?”

“पहिली बोली पडली तेव्हाच ते संपलं.”

पारस, माझा नवरा, दुकानाला निघाला होता. तो दारातूनच म्हणाला, “एवढं काय त्यात? माझ्या मित्राला, यशराजला सांगतो. त्याच्या खात्यावरून पंचाहत्तर हजारांची बोली टाकेल. पैसे त्याचे त्याला परत देऊ, कॅमेरा घरातच राहील.”

नऊ मिनिटं. “लाव फोन,” मी म्हणाले. आता लाज वाटते, पण म्हणाले.

आप्पा उठले आणि त्यांनी पारसच्या मोबाईलवर तळवा ठेवला. “आपल्याच मालावर आपलाच माणूस?”

“सगळे करतात, आप्पा.”

“मी बी केलंय. म्हणून सांगतोय.” त्यांचा आवाज खाली गेला. “कोडोलीचा आकाराम व्हता. त्याच्या गुळाला भाव चढंना, म्हणून मी माझाच एक माणूस बोलीला उभा केला. व्यापाऱ्यास्नी वास लागला. एक उठला, त्याच्यामागं सगळे उठले. आठ दिस गूळ पडून ऱ्हायला, पाघळला. आकारामनं मला इचारलं, शेट, माणसं का उठली? मी म्हटलं, मला काय ठाऊक.”

पारसनं मोबाईल खिशात टाकला आणि तो दुकानाला निघून गेला.

सहा हजार तीनशे. चार मिनिटं. मी सारखी स्क्रीन खाली ओढत होते. शेवटच्या मिनिटाला दोघं जण एकमेकांवर बोली चढवू लागले. नऊ हजार आठशे. अकरा हजार. वाटलं, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर! अकरा हजार सहाशे पन्नास. साडेदहा.

“कितीला?”

मी सांगितलं. मोनाचा नवा कॅमेरा त्यात येत नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

“बांधू या,” आप्पा म्हणाले. मी खोकं आणलं. त्यांनी काच पुसली, कॅमेरा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळला, खोक्यात ठेवून वर सुतळी घेतली. गाठ मारता मारता, मान वर न करता त्यांनी विचारलं, “दीपा, एक दिसाचं बटण दाबताना तुला ठाऊक व्हतं न्हवं, ह्यो असा जाणार म्हणून?”

ठाऊक होतं. तिसऱ्यांदा समजावायच्या ऐवजी मी मनात म्हटलं होतं, जाऊ दे मातीमोल, एकदा अद्दल घडू दे म्हाताऱ्याला. ‘मला काय माहीत’ हे अगदी ओठांवर आलं होतं.

“होतं आप्पा,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी गाठ पक्की केली. “सांगितलंस, बरं केलंस,” ते म्हणाले. “आकाराम म्हातारा होऊन गेला, तरी त्याला खरं सांगायला मला न्हाय जमलं.”

मग त्यांनी पत्ता लिहायला पेन मागितलं.