घोंगडीखालचा उजेड

धोंडू गावकराच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणकेश्वरच्या वाटेवरची सारी वाडी तिथे लोटली होती. नीलतेज महाराज अंधारात पाण्यातला दोष दाखवणार होते. उकाड्यानं माणसं पदरानं, टोपीनं वारा घेत होती. महाराज मात्र गळ्यापासून पावलांपर्यंत काळी घोंगडी पांघरून बसले होते.

"तेंका घाम येणा नाय काय रे?" शेजारच्या भिकाजीनं हळूच विचारलं.

"तपाचो गारवो आसता आंगात," धोंडूनं त्याला गप्प केलं.

पावसानं विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं. घरोघर पोटं बिघडली होती. धोंडूची दोन वर्षांची नात सोनल आदल्या दिवसापासून जुलाबानं कोमेजत चालली होती. तिची आई शेवंती तिला देवगडला दवाखान्यात नेऊ म्हणत होती. पण सासू लक्ष्मी ऐकेना. "आधी महाराज काय सांगतत ता बघूया."

महाराजांनी मावतील तितक्यांना आत घेऊन स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून घेतल्या. कट्ट्यावर दोन भांडी होती. एक देवाचा तांब्या, जो सोवळ्यानं लक्ष्मीच भरायची. दुसरी शेवंतीनं भरलेली कळशी, तोंडाला गाळायचं पांढरं फडकं बांधलेली.

"शहरातले लोक जी किरणं पाणी शुद्ध करायच्या यंत्रात बसवून घेतात," महाराज गरजले, "ती गुरूंनी माझ्या मुठीत दिली! यंत्र काय करतं? नुसते जंतू मारतं. माझं तेज जंतू, करणी आणि पितरांचा राग एका फटक्यात मारतं! सगळे माझ्या मागे राहा. तेजाच्या वाटेत येऊ नका."

मुठीतल्या बॅटरीतून जांभळा उजेड पडला. तांब्या काळाच राहिला. कळशीचं तोंड मात्र थंड निळ्या उजेडानं पेटलं. आत कोणी बसून बघत असावं तसं.

"बाय माझे!" लक्ष्मी किंचाळली.

"हे पाणी कोणी भरलं?"

सगळ्यांच्या माना शेवंतीकडे वळल्या.

हुकूम सुटला. अमावास्येपर्यंत सुनेनं पाण्याला हात लावायचा नाही, उंबरठा ओलांडायचा नाही. मुलीला फक्त तेज दाखवलेलं विहिरीचं पाणी द्यायचं. "उकळलंत तर तेज जळून जाईल! दुपारी येऊन मुलीवरही तेज टाकतो."

माजघरामागच्या खोलीत शेवंतीला सोनलसकट बसवलं आणि बाहेरून कडी घातली. खळ्यातून महाराजांचा जयजयकार ऐकू येत होता. निलेशला, तिच्या नवऱ्याला, तिनं गोव्याला फोन लावला. "आये सांगता तसा कर गो," तो म्हणाला. "मी हयसून काय करू?" आणि फोन ठेवला.

शेवंती आपल्या हातांकडे बघत राहिली. पाणी गढूळ म्हणून याच हातांनी तिनं फडकं दुहेरी करून बांधलं होतं. काळजी घेतली, तोच गुन्हा झाला.

खिडकीच्या गजांशी सावली आली. समोर राहणाऱ्या, शाळेतल्या नम्रता बाई.

"सोनल चेडू कसा आसा गो?"

"रडता बाई, पण डोळ्यात थेंब नाय. माका भायर काढा!"

"मी कडी काढली तर हीच माणसा तुका परत आत ढकलतली. काळोखात तुका नक्की काय दिसला, ता सांग."

शेवंतीनं डोळे मिटून आठवलं. "पाणी नाय उजाळला. उजेड फडक्यार होतो."

"फडका कसला?"

"सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा. कालच पावडरीन धुतलंय."

बाईंचे डोळे मोठे झाले. "कपडे पांढरे दिसूक पावडरीत एक रसायन घालतत. ता जांभळ्या उजेडात निळा चमकता. पण मगे त्याचे सोताचे कपडे..."

शेवंती गजांजवळ सरकली.

"घोंगडी," शेवंती म्हणाली.

दुपारी महाराज आले, शेवंतीला खोलीतून बाहेर आणलं आणि स्वयंपाकघरात पुन्हा अंधार झाला. सोनलला कडेवर घेऊन शेवंती उभी राहिली. पोर आता रडतही नव्हती. बाई भाविकासारख्या हात जोडून महाराजांच्या अगदी बाजूला उभ्या होत्या. बॅटरी लागली.

"पाण्यापासून दूर! हात लावू नकोस!" महाराज ओरडले.

"पाण्याक नाय लावणय," शेवंती म्हणाली आणि मोकळ्या हातानं तिनं घोंगडी खसकन ओढली. त्याच क्षणी बाईंनी महाराजांचं मनगट धरून बॅटरी त्यांच्याकडेच वळवली.

पांढरा सदरा, पांढरं धोतर. महाराज मानेपासून पायांपर्यंत निळे पेटले. उजेड हलला तशी मागे उभ्या धोंडूची गंजीही पेटली.

"धोंडू, मेल्या, तुझ्यातय दोष भरलो!" भिकाजी ओरडला.

"हा... हा गुरूंचा प्रकाश..." महाराज चाचरले.

"मगे गुरू कपडे धुवूक पावडर खंयची वापरतत?" बाईंनी विचारलं.

हशा पिकला. शेवंती मात्र हसायला थांबली नाही. तिनं दार उघडलं. उंबरठ्यावर लक्ष्मी हात आडवे करून उभी होती.

"आये, वाट सोड."

लक्ष्मीनं नातीचे सुकलेले ओठ पाहिले. हात आपसूक खाली आले. "भिकाजी, रिक्षा बोलव रे! बेगीन!"

देवगडला सलाईन लागलं. डॉक्टर रागावले, पण वेळेत आणलंत म्हणाले. संध्याकाळी सुई हलली तशी सोनलनं भोकाड पसरलं, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून शेवंती हसली.

सोनलला घेऊन ती घरी परतली तेव्हा खळ्यात पुन्हा गर्दी होती. महाराज पसार झाले होते. घोंगडी आणि बॅटरी मागे राहिली होती.

"मगे यंत्रातली किरणा पण खोटी काय गो?" लक्ष्मीनं बाईंना विचारलं.

"नाय, ती खरी," बाई म्हणाल्या. "पण ती वेगळी. बंद नळीत दिवो आसता, पाणी त्याच्या अगदी जवळसून जाता. डोळ्यांक, कातडीक बाधता म्हणान तो झाकलेलो. आणि पाणी गढूळ आसला तर जंतू मातीच्या कणांआड लपतत, यंत्राचाय चालणा नाय. ही बॅटरी नोटा तपासूची. हिच्यान एक जंतू मरूचो नाय. घरात यंत्र नाय? मगे निवळा, गाळा, खळखळ उकळा."

लक्ष्मी आत गेली. बाहेर आली ती धुतलेलं फडकं घेऊन. ते तिनं शेवंतीच्या हातात दिलं.

"तूच बांध गो. माका तुझ्यासारखा घट्ट बांधूक येणा नाय." आणि चूल पेटवायला वळली.

पाण्याला दोष लागतो तो घाणीचा, सुनेच्या हाताचा नव्हे. अंधार करून कोणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी उठून खिडकी उघडा. आणि घरातलं लेकरू आजारी असेल, तर पहिली वाट दवाखान्याची धरा.